रेघेवरचा गोफ

४ नोव्हेंबर

आज परत उसवला. सगळा! नेहमीसारखं बोटभर शेपूट ठेवलं, चार फास खिळ्यांवर परत चढवले आणि रीळ होतं तिथे ठेवून दिलं. आई उठायच्या आत चहाचं आधणसुद्धा ठेवून झालं. चोर तरी एवढ्या सफाईने काम करत असेल का?

लिहून ठेवते. पुढेमागे माझंही डोकं आईसारखं झालं तर निदान मला कळावं मी काय करत होते ते.

आई सकाळभर लोकरीचा गोफ विणते. लाकडी रीळ, त्याच्या डोक्यावर चार बारीक खिळे — आम्ही लहान असताना बाबांनी ठोकून दिलेले. खिळ्यांना लोकर गुंडाळायची, सुईने खालचा फास वरच्यावरून उचलून आत टाकायचा, मग पुढचा खिळा, मग त्याच्या पुढचा, गोल गोल. रिळाच्या भोकातून खाली गोफ उतरत राहतो, करंगळीएवढा. आई बाकी सगळं विसरली, हात मात्र काही विसरले नाहीत.

लोकर एकच. निळी, तिच्या जुन्या टोपलीतली, शेवटचा गुंडा. जेवणाच्या वेळेपर्यंत संपतो. पहिल्यांदा संपला तेव्हा ती रिकाम्या टोपलीत हात घालून शोधत बसली. जेवली नाही, ताट बाजूला सारलं, संध्याकाळपर्यंत तेच — टोपली, हात, टोपली. दुसऱ्या दिवसापासून मी उसवायला लागले. दुपारी ती झोपली की लोकर ओढून काढायची, खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, ओला हात फिरवायचा, पंख्याखाली वाळवायची. कुरळेपणा जरा जातो. मग परत गुंडा. सकाळी टोपलीत हात घालते — आहे लोकर! खूष.

तिला वाटतं कालच सुरुवात केली. रोजच वाटतं.

६ नोव्हेंबर

आज चुकून जोरात हाक मारली — "आई, औषध!"

तिने वर पाहिलं. अगदी अदबीने विचारलं, "तुमची आई कशी आहे हो, बाई?"

"बरी आहे," मी म्हटलं. "हल्ली थोडं विसरते."

"वय झालं की व्हायचंच. तिच्यावर रागावू नका हं."

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. नळ कशाला सोडला कोण जाणे! घरात ऐकणारं होतं कोण?

बाई म्हणजे दुकानातल्या बाई. आम्ही लहान असताना आई लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानासाठी घरी गोफ करून द्यायची. कॉलरला, खिशांना, कोटाच्या काठाला, टोपीच्या कडेला लावायला. दर आठवड्याला त्या बाई येऊन तयार माल घेऊन जायच्या. उंच, करड्या कोटातल्या, चष्मेवाल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. उंची सोडली तर आता मी तशीच आहे म्हणा! चष्मा आहे, करडा स्वेटर आहे, नाकाचं ऑफिसातल्या मुलींना विचारा.

ताईला मात्र ओळखते. फोनवरसुद्धा आवाजावरून. "थोरली का गं?" मी शेजारी फोन धरून उभी, दुकानातली बाई.

मला फार काही नको. एकदा, फक्त एकदा तिने मला माझ्या नावाने हाक मारावी. नावाने नाही तर बुटकी म्हणून. चालेल.

८ नोव्हेंबर

लोकरीच्या दुकानात जाऊन आले. आईच्या गुंड्यातला वीतभर तुकडा पाकिटात घालून नेला होता. दुकानदाराने उजेडात धरला, मान हलवली. "ही आता कुठे मिळायची! पण ही बघा, डिट्टो." मला फरक दिसेना. चार गुंडे घेतले. सुटले एकदाची, म्हटलं!

कसली सुटतेय. आईने नवा गुंडा हातात घेतला, खिडकीशी नेला, जुन्याशेजारी धरला.

"ही दुसऱ्या वेळी रंगवलेली आहे."

"दिसत नाही हो काही."

"आत्ता नाही दिसत. कपड्यावर लावल्यावर जोड दिसतो. मागे तुम्हीच नव्हता का माल परत केला?"

मी? बरं. मीच. चारही गुंडे कपाटात गेले. माझं नाव विसरली आणि दुकानातल्या बाईने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी काय नाकारलं ते पाठ आहे!

९ नोव्हेंबर

लोकर झिजतेय. आज उसवताना बोटांना नुसता कापूस.

११ नोव्हेंबर

थंडी. आई शाल घेऊन विणत बसली होती, मी समोर भाजी निवडत. तिच्या ओठात सुई धरलेली पाहिली आणि एकदम ते स्टूल आठवलं.

मला नवा फ्रॉक कधी मिळालाच नाही. ताईचा लहान झाला की तो माझा. ताई बांबूसारखी वाढायची, मी आपली जिथल्या तिथे. म्हणून बुटकी. बाबा म्हणायचे बुटकी, ताई म्हणायची बुटकी, दूधवाला म्हणायचा बुटकी. ताईचा फ्रॉक मला घोट्यापर्यंत यायचा. मग आई खालून चांगला चार-सहा बोटं आत दुमडून शिवायची आणि दर वर्षी थोडा थोडा सोडायची.

पण दुमड सोडली की जुन्या घडीची रेघ राहते. वरचं कापड विटलेलं, आतलं कोरं, आणि मध्ये ती रेघ. कितीही धुवा, इस्त्री करा, जात नाही. शाळेत पोरी हेरायच्याच — सोडलेला फ्रॉक, सोडलेला फ्रॉक! म्हणून आई त्या रेघेवर गोफ लावायची. निळा. बरोब्बर रेघेवर, खालून टाके घेत, टाका वर दिसायचा नाही. दोन वर्षं वापरला तर दोन गोफ, तीन वर्षं तर तीन. घेराला एकाखाली एक निळ्या ओळी. शेवटी काय झालं, वर्गातल्या दोघीतिघींनी आपापल्या आयांकडे हट्ट धरला — आम्हाला पण तसा फ्रॉक! नवाकोरा, आणि वर गोफ! मी काही बोलले नाही. नाक वर करून फिरले.

तो दिवस वर्षातला मोठा दिवस असायचा माझा. आई मला स्टुलावर उभी करायची. ओठात टाचण्या. "हलू नकोस. पोट आत नको घेऊस, कुणी फोटो काढत नाहीये." गुडघ्यापाशी तिची थंड बोटं लागायची, मी खिदळायचे, ती पोटरीवर चापट द्यायची. सगळीकडून टाचून झालं की मागे सरायची, डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "उंच झालीस गं."

बस, एवढंच. आमच्या आईने कुणाचं कौतुक केलेलं कुणी ऐकलं नाही. बाबांना बढती मिळाली तेव्हा "मग आता वेळेवर घरी या" म्हणाली होती. पण वर्षातून एकदा स्टुलावर मला ते मिळायचं. त्या दिवशी मी दारातून वाकून आत जायचे, डोकं आपटेल म्हणून!

स्टूल अजून आहे. माळ्याशी हात पोचावा म्हणून वापरते.

१३ नोव्हेंबर

वर्षाची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी भिंतीला टेकून उभं केलं, पट्टी डोक्यावर आपटली. म्हणाल्या, "उंची अर्ध्या इंचाने कमी झालीय. या वयात मणके थोडे बसतात, घाबरू नका."

घाबरत नाही हो. पण मुळात होतीच किती, त्यातून अर्धा इंच!

१५ नोव्हेंबर

तुटली. काल उसवताना लोकर दोनदा तुटली. गाठी मारल्या, शेपटं आत लपवली. मला वाटलं पचलं.

आज सकाळी तिच्या बोटांना गाठ लागली. थांबली. परत चाचपली. "गाठ? माझ्या कामात?" आणि चेहरा कसा झाला! कुणी रागावायच्या आधी लहान मुलाचा होतो ना, तसा.

मी दाराआड होते. ती आपल्याशीच बोलत होती. घोकत होती म्हणायला हवं. "बाई, या वेळी जरा उशीर झाला. पोरगी आजारी होती... नको, पोरीचं नाव नको घ्यायला. बाई, लोकर कच्ची निघाली... नको. बाई, उद्या नक्की देते. नक्की देते, बाई."

मग आठवलं, हे ती मला रोजच म्हणते. संध्याकाळी चहा दिला की रोज! "उद्या नक्की हं, बाई." मी "सावकाश होऊ द्या" म्हणून कप उचलते. मला वाटायचं, तिचं आपलं काहीतरी चाललंय.

काय करून बसले मी! तिला काम पुरावं म्हणून उसवते, आणि तिला वाटतं तिचं काम पुरंच होत नाही. जन्मात जिने कधी उशीर केला नाही ती रोज संध्याकाळी माझ्यापुढे खाली मान घालून बसते. माझ्यामुळे.

आज उसवला नाही. पण सकाळी टोपली रिकामी असेल, त्याचं काय करू तेही सुचत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताई आली. सकाळीच, म्हणून टोपलीचं संकट टळलं. तिला बघून आई लोकर-बिकर सगळं विसरली. "थोरली आली!" आणि हात धरून ठेवला. मी चहा आणला तर ताईला म्हणते, "या दुकानातल्या बाई. फार चांगल्या आहेत. सावकाश होऊ द्या म्हणतात." ताईने माझ्याकडे बघून ओठ चावला. हसू येत होतं का रडू, तिलाच माहीत.

हेवा वाटला. साठीला टेकले तरी वाटला. लिहून टाकते.

जेवणानंतर आई झोपली आणि आम्ही दोघी भांडी घासत होतो. मी तिला सगळं सांगितलं — उसवणं, लोकर, गाठ. मग म्हटलं, तुला काय, तुला ओळखते. नवे फ्रॉकही तुलाच, ओळखही तुलाच.

ताई थांबली. हाताला फेस तसाच. "बुटके, तुला माहितीय, मला कधी एकही गोफ मिळाला नाही. एकही! आख्ख्या जगाला गोफ करून द्यायची आई, तुझ्या फ्रॉकला तीन तीन ओळी, आणि माझे आपले कोरे. मी एकदा रडले पण होते. म्हणाली, तुला काय गरज?"

"अगं, रेघ झाकायला लावायची ती."

"रेघ!" ताई हसायला लागली. "चौथीत असताना तुझी उंची वाढली होती का?"

"वाढली होती म्हणजे? फ्रॉक सोडला होता त्या वर्षी. स्टुलावर उभी केली होती."

"काडीची वाढली नव्हतीस. बाबांनी दारावर खूण केली ना वाढदिवसाला, ती मागच्या खुणेवरच आली. तू खुणेकडे बघून भोकाड पसरलंस, जेवली नाहीस, मी अशीच राहणार म्हणून. दुसऱ्या दिवशी आईने दारावरची खूण ओल्या फडक्याने पुसली. आणि तुला स्टुलावर चढवलं."

मी घासलेलीच वाटी परत घासायला घेतली.

"मी विचारलं तिला, कशाला सोडतेस, बरोबर तर होतोय. म्हणाली, गप्प बस, तुला कळत नाही. दोन बोटं सोडला, वर गोफ लावला, आणि तुला काय म्हणाली ते तू सांग."

मी सांगितलं नाही. नळ चालूच होता, ते बरं झालं.

१७ नोव्हेंबर

चौथीतला तो फ्रॉक आठवतोय. पिवळा, बारीक चौकडीचा. मोज्यांना टेकायचा. पळताना पायात यायचा. मला वाटायचं, फ्रॉकची फॅशनच तशी असेल! एकदाही डोक्यात आलं नाही की तो मला नुसता लांब होतोय. वर्षभर ताठ मानेने फिरले.

म्हणजे ती मला फसवत होती आणि आता मी तिला. पण तिची फसवणूक अंगाला लागली. पुढच्या वर्षी खरंच वाढले की मी. माझ्या फसवणुकीने तिची मान खाली गेली. एवढाही तिचा हात मला आला नाही.

काल ताई गेल्यावर टोपलीपुरता थोडासाच उसवला, आजही तेवढाच. पण आता ठरलं. उद्या बाई होते. पुरती बाई. माल घ्यायला जाते.

१८ नोव्हेंबर

करडा स्वेटर, केस मागे घट्ट, हातात पिशवी. बाहेर जाऊन दाराची घंटा वाजवली! समोरच्या दारातल्या आजोबांनी बघितलं, बघू देत.

आई रीळ घेऊन बसली होती. उरलेली लोकर संपत आलेली, शेवटचा हातभर. मी खुर्ची ओढून समोर बसले. "काय म्हणतंय काम?"

ती गडबडली. "उद्या नक्की—"

"मला तर झाल्यासारखा दिसतोय."

तिने खाली बघितलं. मांडीवर गोफाचा ढीग होता. एवढे दिवस तो दुपारी नाहीसा व्हायचा. तिने तो हाताने वर उचलला, वजन केल्यासारखा. मग लोकर कापली, चारही फासांतून टोक ओवलं, एकेक फास खिळ्यावरून उतरवला आणि टोक ओढून घेतलं. गोफ बंद झाला. किती दिवसांनी तिला बंद करताना पाहिलं! गुंडाळून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"एका जागी गाठ आहे, बाई. ती घडीच्या आत घ्या म्हणजे दिसायची नाही."

"सुंदर झालाय," मी म्हटलं. "अगदी वेळेवर."

काय फुलली! काय फुलली! पदरात काही पडल्यासारखी मीच तिथे बसून राहिले.

मग म्हणाली, "पुढचं काम?"

लोकर कुठाय? कपाटातले ते चार गुंडे भीत भीत आणून ठेवले. म्हटलं आता खिडकीशी नेणार, रंग बघणार, परत करणार. तिने एक उचलला, टोक काढलं, रिळाच्या भोकात घातलं आणि पहिल्या खिळ्याला गुंडाळायला लागली.

"चालेल ही?" न राहवून विचारलं.

"न चालायला काय झालं? नव्या कामाला नवी लोकर. जोड कुठे द्यायचाय?"

जोड! तिला फक्त जोड नको होता! आणि मी महिनाभर पंख्याखाली लोकर वाळवतेय. हात टेकले. एकटीच हसत सुटले, तर आई पण हसली, का ते न विचारता.

२० नोव्हेंबर

आज संध्याकाळी "उद्या नक्की" नाही. "चहा छान झालाय, बाई" म्हणाली. दोनदा.

तरी बाईच.

२१ नोव्हेंबर

गोफाचं काय करू? कपाटात ठेवायला मन होईना. माझा जुना गाऊन काढला — पायात येतो म्हणून पूर्वी कधीतरी वर दुमडला होता. आता थंडी आहे, घोटे उघडे पडतात, तर दुमड सोडली. आणि आलीच ती रेघ! वर विटलेलं, खाली कोरं. साठीला टेकले तरी रेघ काही सोडत नाही.

रेघेवर गोफ लावायला घेतला. आई करायची तसा खालून टाका, ओढायचं नाही, टोक बाजूच्या शिवणीत लपवायचं, गाठ तिने सांगितली तशी आत. सांगायला सोपं! माझे टाके वर दिसतात, मध्येच गोफ चढावर जातो, मध्येच उतारावर. दोन वेळा बोटात सुई गेली. पण झाला. निळा निळा. अंगात घालून आरशासमोर फिरले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. आई होती, पण ती झोपली होती.

२२ नोव्हेंबर

सकाळी तोच गाऊन घालून तिला दूध द्यायला गेले. तिने पेला घेतलाच नाही. माझ्या पायांकडे बघत होती. मग खाली वाकून काठ बोटांत धरला, गोफावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी लावलंय? केवढाले टाके! उसव ते."

उसवा नाही म्हणाली. उसव!

"आणि स्टूल आण."

आणलं. भिंतीला हात धरून चढले, गुडघे कुरकुरले. ओठात टाचण्या नव्हत्या तरी तिने ओठ मिटून धरले होते. काठ सगळीकडून सारखा केला, पोटरीवर एक चापट दिली, मागे सरली, डोळे बारीक केले.

"उंच झालीस गं, बुटके."

डॉक्टरीणबाई पट्टी लावून काय वाटेल ते म्हणू देत.